दादाची खाट

आमच्या घरात आयकर भरण्याइतकी कमाई कोणाचीच नव्हती. तरीही आयकर आमच्या घरी आला आणि त्याला मीच चहा पाजला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. थोरला दादा आफ्रिकेत कारकून होता. दिवाळीला महिनाभर नागपूरला येऊन गेला होता आणि आम्ही त्याच्यासाठी मुलगी शोधत होतो. आम्हां कोष्ट्यांत मुलीकडचे आधी न कळवता येऊन घर बघून जात. उमरेडचं एक स्थळ येणार होतं. त्यामुळे एक टोपीवाले गृहस्थ दारात येऊन "तुमचे बंधू इथे आले की कुठे राहतात?" असं विचारू लागले, तेव्हा मी ओळखलंच!

"कुठी म्हणजे? ही आख्खी खोली त्याचीच! वर्षभर राखून ठेवतो. त्याच्या खाटेवर मांजरही बसत नाही!" (मांजर त्या वेळी खाटेवरच होतं.)

चहा संपवून गृहस्थ म्हणाले, "मी आयकर खात्यातून आलोय. घर राखलेलं आहे, यंदा येऊनही गेले; म्हणजे कायद्याने ते इथलेच रहिवासी. तिकडच्या पगारावरही इथे कर लागेल. पुढच्या आठवड्यात खोली पाहून नक्की करतो."

दादानं लग्नासाठी साठवलेलं सगळं करात जाणार!

"माय, ती खाट काढून टाक वं!"

"काहून? माहा पोरगा आल्यावर जमिनीवर झोपन का?"

माय काही हलेना.

पुढच्या आठवड्यात दारात पुन्हा टोपी! चेहरा वेगळा होता, पण खात्यानं या खेपेला दुसरा साहेब पाठवला, असं मी ठरवूनच टाकलं आणि उंबऱ्यातच वाट अडवून उभा राहिलो.

"दादाले या घरात जागाच नाही! खाट नाही, खोली नाही, काही नाही!"

"मंग माही पोरगी कुठी ठेवता गा?" असं म्हणून उमरेडचे गृहस्थ तरातरा चालू लागले.

माय हातमागावरून उठून धावली. भर रस्त्यातून त्यांना परत आणलं आणि थेट त्या खाटेवर बसवलं. "पाहा! वर्षभर पोराची वाट पाहून राहिली ही खाट!" आणि मागे दारात आयकरवाले साहेब उभे!

माय वळली. "लिवून घ्या साहेब. कर लागते तं लागू द्या. खाट नाही निघत."

लग्न ठरलं, करही लागला. दादा आला तो त्या खाटेवर आडवा होत म्हणाला, "हिचे पैसे भरले मी. आता मले झोपू द्या."

माय आता नाही. खाट आहे. आणि वहिनीही आहे. घरात चार पाहुणे असले की ती मला मुद्दाम मोठ्यानं विचारते, "भाऊजी, बसू का आम्ही? जागा आहे न या घरात?"