शेवंताबाईंची रिकामी बाटली

शेवंताबाई आमच्या वाशीच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत. राहणाऱ्या घणसोली गावच्या. मी तेथे प्रमुख होतो त्या आठ वर्षांत त्यांनी धुतलेल्या बाटलीवर मला एकही डाग सापडला नाही. शोधला मात्र रोज.

१९८४ च्या फेब्रुवारीत त्यांचा धाकटा भाऊ सदू, मिठागरावरचा कामगार, न्यूमोनियाने दाखल झाला. आठ दिवस इंजेक्शने देऊनही ताप उतरेना. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचले. त्या पाण्यातील साखर घटलेली असेल, तर आत पू धरू लागला असे समजून बरगड्यांमधून नळी घालावयाची. नसेल, तर औषधावरच थांबावयाचे. निर्णय वॉर्डाच्या डॉ. नंदिनी यांचा, परंतु आकडा आमचा.

शेवंताबाईंनी दोन बाटल्या वॉर्डात नेल्या व भरून आणल्या. पहिलीतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो पुवाच्या पेशींची दाटी. दुसरीतील साखर मात्र ४१२! सदूच्या रक्तात ती अवघी ९४ होती, आणि छातीतील पाण्यात साखर येते ती रक्तातूनच.

"साखर भरपूर आहे ना? मग नळी नको," डॉ. नंदिनी फोनवर म्हणाल्या.

"डॉक्टर, ही छाती आहे, बासुंदीचे पातेले नव्हे. मी सही करणार नाही."

चाचणी पुन्हा केली. पुन्हा ४१२. तेव्हा बाटलीच्या तळाशी एक तांबूस कण दिसला.

"शेवंताबाई, हे काय?"

"गूल. भावाचे उशाशी रिकामं भांडं कसं नेवाचं, सायेब? तुमचे घरी कोनी शिकवलं नाय?"

शिकवले होते. आमच्या आईने शेजारणीची वाटी कधीही रिकामी परत धाडली नाही; निदान गुळाचा खडा तरी घाली.

"मग पहिलीत का नाही घातलात?"

"तिचेत तुमचं औषद होतं ना! ती कुठं रिकामी होती?"

छातीतले पाणी रक्तासारखे गोठू नये म्हणून त्या पहिल्या बाटलीत आम्ही औषधाचा एक थेंब घालत असू. मला या युक्तिवादात दोष काढता आला नाही. त्याच बाटलीतील साखर तपासली: २३.

तासाभरात नळी बसली आणि वाटीभर नव्हे, तांब्याभर पू निघाला. शेवंताबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसून होत्या. सोळाव्या दिवशी सदू स्वतःच्या पायांनी घरी गेला.

मी भिंतीवर नवा नियम लावला व त्यांना मोठ्याने वाचून दाखवला: 'रिकामी बाटली रिकामीच न्यावी.' त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्या बाटली घेऊन निघाल्या, तर पदराला टपोरी गाठ.

"गाठीत काय आहे?"

"बाटली रिकामी हाय, सायेब," त्या चालता चालता म्हणाल्या. "मी नाय."