बाहेरून कुलूप, आत नोकरी

काटेवाडीहून निघाले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बारामतीच्या स्टँडवर माझ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते. “मालकाचं तोंड बघितल्याबिगर कामाला लागू नगंस,” म्हणाले. मी डब्लिनला चालले होते. इथं चांगली नोकरी असती तर गेले नसते, असं आईला सांगून मी गाडीत बसले. आईनं ते खरं धरलं.

आता धाकटी बहीण सुषमा काटेवाडीत बसूनच सिंगापूरच्या कंपनीचं काम करते. मुलाखतसुद्धा स्क्रीनवरच झाली. मला पहिल्या दिवसापासून संशय. उद्या एका मेसेजवर हिला काढलं, तर भांडायचं कुणाशी? आबांचा संशय वेगळाच, एवढ्या लांबची माणसं आपल्याच पोरीला कशी काय शोधत आली!

गावाला तर ती रिकामीच वाटायची. घरात दिसली की शेजारणी पापड लाटायला हाक मारायच्या. शेवटी आईनं युक्ती काढली. सुषमाची मीटिंग असली की दाराला बाहेरून कुलूप घालून ती गोठ्यात जायची.

त्यात एकदा वरकुट्याचे पाहुणे सुषमाला बघायला ठरल्या वेळेच्या आधीच आले. दाराला कुलूप, आणि आत पोरगी एकटीच इंग्रजीत बोलतीय. हिच्या डोक्यात फरक आहे, म्हणून कोंडून ठेवलीय, असं समजून ते चहाही न घेता परतले. आबा मोटारसायकलवर मागं गेले, सगळं समजावलं. पण विश्वास कुठला ठेवतायत! स्थळ मोडलं. फोनवर सांगताना सुषमा आधी हसली, मग रडली. नोकरी मात्र सोडणार न्हाय म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि धास्तीही.

कसली धास्ती, ते दुसऱ्या दिवशी आईच बोलली. “सुषीला घरात बसून जमतंय. मग तुला कोन अडवतंय, बाय?”

माझी कंपनी परवानगी देत नाही, असं मी सांगितलं. साफ खोटं. आमच्याकडं कुठूनही काम करता येतं. पण मला यायचंच नाहीये. इथं डब्लिनमध्ये सकाळी एकटीनं कॉफी प्यायला आवडतं, कुणी हाक मारत नाही हे आवडतं. माझ्यासारखे लांब गेलेले तुम्ही, घरी काय सांगता हो? आईला माझा संशय आलाय की नाही, ते फोनवर कळत नाही. ती अजून दर रविवारी विचारते, आणि मी दर रविवारी नवं कारण शोधते.