आरतीखालचा आवाज

"तुमच्या आरतीत माणूस ओरडतोय," असं म्हणून कॅम्प तीन भागातल्या दुकानदाराने कॅसेट शेठच्या टेबलावर आपटली आणि गिऱ्हाईक सोडून आलोय म्हणत निघून गेला.

मोहनशेठने मला आत बोलावलं. मी उल्हासनगरच्या त्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो, आणि मशीन बिघडली की मेकॅनिकही मीच. पगार मात्र एकाच माणसाचा. कॅसेट लावली. पहिली आरती व्यवस्थित वाजली. ती संपून दुसरी सुरू होण्याआधी थोडी शांतता असते. त्या शांततेत खालून ढब, ढब असा ठोका येत होता, आणि त्याच्यावर, जिन्याखाली कोंडून ठेवल्यासारखा, एक माणूस ओरडत होता.

"साईं, ये क्या है?" शेठ म्हणाले. "भगवान के माल में भूत बिठा दिया?"

"भूत नाही शेठ. पिन्या आहे."

शेठने कपाळाला हात लावला. पिन्या वारला होता, हे त्यांनाही माहीत होतं.

पिन्या म्हणजे मिलिंद. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्पर. कानाच्या पाळीत सेफ्टी पिन घालायचा म्हणून पिन्या. केस स्वतःच ब्लेडने कापायचा आणि ते दिसायचंही. एक जुनी गिटार, ठोका धरायला कंपनीतला निळा प्लास्टिकचा ड्रम, तो बडवायला एक मित्र, एवढा त्याचा सरंजाम. गाणी स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, चाल म्हणण्यासारखं त्यात काही असेल तर.

"याला पंक म्हणतात, पाटील," रेकॉर्डिंगला आला तेव्हा त्याने मला सांगितलं होतं. रद्दीत आलेल्या कुठल्याशा विलायती मासिकात त्याने ते वाचलं होतं. "सूर चुकला तर चालतो. खोटं बोललेलं चालत नाही."

"माझ्या मशीनला दोन्ही चालत नाही," मी म्हणालो. "आवाजाचा काटा लाल पट्ट्यात जातोय. माइकपासून लांब हो."

तो लांब गेला नाही. सगळं रेकॉर्डिंग लाल पट्ट्यात झालं. मला असला आरडाओरडा तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. पण जांभूळच्या पाणी केंद्रातलं पाणी मोठ्या पाइपातून आमच्या दारावरून कारखान्यांकडे जातं आणि आमच्या नळाला हवा येते, हे त्याचं गाणं ऐकताना मी एकदा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, धरायचा विसरलो होतो, हे खरं आहे.

आमच्या भागात त्याला काही लोक ओळखायला लागले होते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याचा माइक बंद केला, तर तो बिनमाइकचा गायला. जयंतीच्या कार्यक्रमात मोठ्या माणसांनी त्याला स्टेजवरून उतरवलं आणि पोरांनी परत चढवलं. स्वतःच्या खर्चाने त्याने एकच कॅसेट काढली. ती दुकानांत गेली आणि तशीच पडून राहिली. तेवढ्यात त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग हॉस्पिटल, आणि मग हॉस्पिटलमधून थेट घरी. पंचविशीही पुरती झाली नव्हती. बातमी कळली त्या दिवशी मी एका लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग करत होतो. काम अर्धवट टाकता आलं नाही. फार वाईट वाटलं.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. न विकलेली कॅसेट दुकानदार परत पाठवतो, त्याला रिटर्न म्हणतात. मोठ्या कंपन्या रिटर्न फेकून देत असतील. आमच्या शेठना ते परवडत नव्हतं. आम्ही लेबल सोलायचो, टेप पुसायचो आणि तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचो. पुसायला बल्क इरेजर नावाचं यंत्र असतं. जाडजूड लोखंडी डबा, आत मोठं विजेचं चुंबक. कॅसेट त्याच्यावरून फिरवली की टेपवरचा सगळा आवाज जातो. जायला हवा. पण हे यंत्र थेट मेनवर चालतं, आणि संध्याकाळी उल्हासनगरचं व्होल्टेज असं पडायचं की बल्बची तार डोळ्यांनी मोजावी. चुंबक अशक्त झालं की पुसणंही अर्धवट होतं. वर आमची कॉपी करणारी मशीन कोऱ्या टेपसाठी बनवलेली. तिला वेगळं पुसायचं हेडच नव्हतं. जुना आवाज राहिला की तो नव्याखाली राहायचा.

पिन्याचा रिटर्न माल अशाच काही संध्याकाळी पुसला गेला होता. त्याचा मास्टर, म्हणजे ज्या मोठ्या स्पूलवरून कॉप्या काढतात तो, शेठने त्याआधीच दुसऱ्या कामाला लावला होता. स्पूल महाग असायचा.

"पूरा लॉट वापस मंगाओ," शेठ म्हणाले. "दोपहर को, जब लाइट अच्छी हो, सब साफ करो. एक भी नहीं बचना चाहिए."

लॉट परत आला. पुसायला घेणार, तोच दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढरा शर्ट, पायात कंपनीचे जुने सेफ्टी बूट.

"मी मिलिंदचा बाप," तो मोठ्याने म्हणाला. बाहेरच्या गिऱ्हाइकांनीही वळून पाहिलं. "शेजारच्यांच्या आरतीत त्याचा आवाज येतो म्हणतात. त्याच्या ड्रमवाल्या दोस्तानं वळखला."

"येतो काका," मी म्हणालो.

"काय?"

"येतो!" मी ओरडलो. मग समजलं. हा माणूस आयुष्यभर पॉवर प्रेसवर होता. पत्रा ठोकायचं ते यंत्र दिवसभर कानाशी आदळत राहिलं की कान जातात.

मी त्यांना बसवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मिलिंदने बापावर एक गाणं केलं होतं. वस्तीतले काही म्हणायचे, त्यात बापाला शिव्या आहेत. काही म्हणायचे, छे, तसं काही नाही.

"शेवटचं वरीसभर आमचं पटत नव्हतं," ते म्हणाले. "मी त्याला बोललो हुतो, ही पिन काढ, नाय तं घराबाहेर हो. लोक म्हणत्यात, तवाच त्यानं हे गाणं केलं. आता माझ्या तोंडावर खरं कोण सांगल? तुमच्याकडं त्याचा सोताचा आवाज हाय. शिव्या हाईत का नाईत, तेवढं मला पायजे."

"विकलेल्या कॅसेटी असतील ना कुणाकडं?" मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"एकीचा फिता मशीनीनं खाल्ला. दुसरीवर पोरांनी पिच्चरची गाणी भरली."

मला ते गाणं आठवेना. लोकांना वाटतं रेकॉर्डिस्टला सगळी गाणी पाठ असतात. आम्ही शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. डोळा काट्यावर असतो.

पण एक आठवत होतं. ते गाणं दुसऱ्या बाजूला सगळ्यांत शेवटी होतं. आरत्यांचं रेकॉर्डिंग पिन्याच्या रेकॉर्डिंगपेक्षा लहान होतं. म्हणजे दुसऱ्या बाजूला आरत्या संपल्यावर जो फिता उरतो, त्याच्यावर नवीन काहीच भरलेलं नव्हतं. तिथे फक्त आमच्या अशक्त चुंबकाचं काम होतं.

"शेठ, मला थोडा वेळ द्या," मी म्हणालो.

"पाटील, लॉट आज जाना है."

"जाईल."

शेठने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "चाय मंगाऊं, चाचा?" त्यांनी चहाची खूण केली. मी ती परवानगी समजलो.

तक्रारीची कॅसेट त्या ढिगातच मिसळली होती. पहिल्या काही कॅसेट चांगल्या पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे आमच्या कामाच्या दृष्टीने चांगल्या. नुसती सरसर. मी एकेक लावत होतो आणि म्हातारा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, डॉक्टरकडे बघतात तसा. ढिगाच्या तळाच्या एका कॅसेटवर ठोका सापडला. आवाज पूर्ण वाढवला, इक्वलायझरवर सरसर कमी केली, मधला भाग उचलला. हेडफोनमध्ये पिन्या आला. चिखलातून आल्यासारखा, पण शब्द कळत होते.

मी हेडफोन म्हाताऱ्याच्या कानांवर बसवले. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"ढब ढब येतंय," ते म्हणाले. "तो कुठाय?"

मी आवाज आणखी वाढवला. मशीन त्याच्यापुढे जात नव्हती.

"ढब ढबच हाय," ते पुन्हा म्हणाले. "तो गातोय का?"

पॉवर प्रेसने कान जातात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. शब्दांची धार त्याच आवाजांत असते. जड ठोका तेवढा उरतो. अर्धवट पुसलेल्या टेपचंही तसंच होतं, बारीक आधी जातं आणि जड मागे राहतं. दोन्हीकडून जे जायचं ते गेलं होतं. मला यात करता येण्यासारखं काहीच नव्हतं. कुठलंही बटण उरलं नव्हतं.

म्हातारा हेडफोन काढून हातात घेऊन बसला. मग मी ते घेतले, माझ्या कानाला लावले, टेप मागे घेतली आणि त्यांच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं. पिन्या एक ओळ म्हणायचा, मी टेप थांबवायचो आणि ती ओळ ओरडायचो.

"साहेब ओरडला, तू ऐकलंस!"

त्यांनी मान हलवली.

"भोंगा ओरडला, तू ऐकलंस!"

"धीरे, पाटील," शेठ दारातून म्हणाले. "बाहर कस्टमर हैं."

"धीरे त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"मी ओरडलो, मी ओरडलो, घसा फुटला!"

पुढची ओळ मी हेडफोनमध्ये ऐकली आणि टेप थांबवली. ओरडलो नाही. टेप खराब आहे, एवढंच सांगायचं होतं. सोपं होतं, आणि पटण्यासारखंही. म्हाताऱ्याने माझा हात धरला.

"हाय ना?" ते म्हणाले. "बोला. त्याचंच बोला, तुमचं नको."

मी ओरडलो. "आता तरी वळून बघ, हरामखोरा!"

बाहेरचं बोलणं थांबलं. शेठने दार लोटून घेतलं.

"म्हंजी शिवी हाय," म्हातारा म्हणाला.

"आहे."

"मलाच?"

"तुम्हालाच."

चहा आला होता, तो निवला. मला वाटलं आता हे रडतील, आणि मला रडणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं ते कळत नाही. पण ते रडले नाहीत.

"घरात समदे माझ्याशी खुणा करत्यात," ते म्हणाले. "बायको, थोरला, सून, नातवंडं. हात हलवत्यात, जेवा, निजा. वरडून वरडून थकली बिचारी. ह्यो एकटाच ल्हानपणापासून माझ्या कानाशी येऊन वरडायचा. शाळेतलं सांगायचा, भांडायचा. त्याचा गळा तसा माझ्यापायीच झाला." त्यांनी बुटांकडे पाहिलं. "मी पिन काढ म्हणालो, त्या दिवसापासून त्यानंबी हातानं खुणा कराया सुरुवात केली. मला वाटलं, संपलं."

मग त्यांनी विचारलं, "हे गाणं त्यानं त्या पिनीच्या भांडणानंतर केलंय ना?"

"नंतरच," मी ओरडलो. रेकॉर्डिंगच्या वेळी तोच म्हणाला होता, हे नवीन आहे, घरच्या भांडणानंतरचं.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "शिवी तं शिवी. बोलत तं हुता माझ्याशी."

मी कॅसेट त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. "घरी कोण वरडून सांगल?" असं म्हणाले आणि उठले. शेठ त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. शेठ कुणाला सोडायला जात नसत.

ती कॅसेट मी ठेवून घेतली. काही वर्षांत तिच्यावर बुरशी आली आणि तीही गेली. पिन्याचं नाव अजून निघतं. बदलापूरच्या पोरांचा एक ग्रुप तेच गाणं म्हणतो, कुणाकुणाच्या तोंडून गोळा केलेलं. त्यात साहेब आहे, भोंगा आहे. बाप नाही, शिवीही नाही. लोक टाळ्या वाजवतात. मी काही बोललो नाही, मूळ दाखवायला माझ्याकडे काय होतं.

त्या दिवशी बाकीचा लॉट मी दुपारच्या लाइटवर पुसला. पुढच्या आठवड्यात शेठने इरेजरला स्टॅबिलायझर बसवला आणि तक्रारी बंद झाल्या. शिकायचं म्हणाल तर दोनच गोष्टी. इरेजरला व्होल्टेज पूर्ण द्यावं, आणि पुसण्याआधी ज्याचा आवाज आहे त्याच्या घरी विचारावं. पहिली गोष्ट आम्ही लगेच अमलात आणली. दुसरीला आमच्या धंद्यात वेळ नव्हता.