सूर्यवाल्यांच्या समितीचं इतिवृत्त

माझी मावशी नगरपालिकेत स्टेनो होती. तीसेक वर्षं तिने दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं, आणि त्यातली अकरा वर्षं हवामान बदल समितीचं. माणूस मुळात मूर्ख नसतो, त्याला खुर्ची आणि माइक दिला की तो होतो, हे तिचं मत त्या अकरा वर्षांत पक्कं झालं. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा समिती सहा वर्षांची झाली होती आणि तिचा एकही निर्णय झाला नव्हता.

सभा महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीनला, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉलला दोन एसी. ते इतके गार ठेवलेले असत की ऐन उन्हाळ्यात मावशी पर्समध्ये स्वेटर घेऊन जायची. त्या मशिनांची गरम हवा बाहेरच्या व्हरांड्यात, बरोबर शिपायाच्या स्टुलावर पडायची. शिपाई दर सभेला स्टूल सरकवून भिंतीच्या कोपऱ्यात जायचा आणि सभा संपली की परत आणायचा. पृथ्वीचं तापमान कसं वाढतं यावर आत तासन्‌तास बोलणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही ते स्टूल कधी दिसलं नाही.

नऊपैकी बोलायचे तिघेच. अध्यक्षांचं फरशांचं दुकान होतं आणि समितीत त्यांचा मुख्य शब्द होता ‘पुढे’. कोणताही विषय अंगावर येतोय असं वाटलं की ते म्हणायचे, ‘पुढे’. दुसऱ्या झाडवाल्या बाई. त्या रोपं लावायच्या, म्हणजे रोप लावतानाचे फोटो काढून घ्यायच्या. तलावाशेजारच्या एका खड्ड्यात त्यांनी तीन वर्षं ओळीने तीन रोपं लावली, कारण आधीची दोन पाण्यावाचून वाळली होती. पर्यावरणाच्या परिषदांसाठी त्या तीनदा विमानाने परदेशी जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तिथल्या जेवणाचा अहवाल सभेत सविस्तर द्यायच्या.

तिसरे सूर्यवाले. हे वजनकाट्यांचे निवृत्त निरीक्षक. त्यांनी आयुष्यात सूर्याविषयी एकच पुस्तिका वाचली होती आणि तिला प्लास्टिकचं कव्हर घालून ते प्रत्येक सभेला आणायचे. उष्णता वाढते ती सूर्यामुळे, सूर्याची चक्रं असतात, माणूस कोण टिकोजीराव लागून गेला हवामान बदलणारा, हा त्यांचा सिद्धान्त. दुकानदाराचं वजन दोन ग्रॅमने कमी भरलं तर नोकरीभर नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसाला, पुस्तिकेतल्या आकड्यांचा एकदाही ताळा घ्यावासा वाटला नाही.

एकदा कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाला पाहुणा म्हणून बोलावलं. त्याने दहा मिनिटांत सगळं सांगितलं. कोळसा, तेल, गॅस जाळून जो वायू हवेत साठतो तो उष्णता धरून ठेवतो. सूर्याकडून येणारी उष्णता उपग्रह चाळीसहून जास्त वर्षं मोजताहेत, ती वाढलेली नाही. आणि सूर्यच कारण असता तर वरची हवाही तापली असती, ती उलट थंड होतेय. सूर्यवाल्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुमचं वय काय?”

“एकतीस.”

“मी अडुसष्ट उन्हाळे पाहिलेत.”

अध्यक्ष म्हणाले, “पुढे.”

मावशीने त्या दिवशी टाइप केलं : ‘पाहुण्यांशी उपयुक्त वैचारिक देवाणघेवाण झाली.’ कारण तिचं काम तेच होतं. शॉर्टहँडमध्ये ती शब्दन्‌शब्द घ्यायची आणि मग त्यातून तीन पानं सभ्य मजकूर काढायची. मूर्खपणा झाला की ‘साधकबाधक चर्चा’, कुणी डुलकी काढली की ‘सहमती दर्शवली’, आणि काहीच झालं नाही की ‘नोंद घेण्यात आली’.

“त्यांच्या अडाणीपणाला इस्त्री करून द्यायचा पगार घेते मी,” ती एकदा चहा गाळता गाळता म्हणाली. “त्यांची मला कीव येत नाही. माझी येते.”

समितीच्या अकराव्या वर्षी उन्हाळ्याने कहर केला. वर्कशॉपांच्या मागे पत्र्याच्या घरांची वस्ती होती. तिथल्या पालिकेच्या दवाखान्यातली नर्स त्या महिन्याच्या सभेला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने तीनदा अर्ज केला होता, तेव्हा कुठे ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात पाच मिनिटं मिळाली. हातात वहीचा कागद होता. आठ दिवसांत त्या वस्तीत एकोणीस माणसं मेली होती. तिने प्रत्येकाचं नाव, वय, किती वाजता गेला आणि घराचं छप्पर कसलं, एवढं लिहून आणलं होतं. एका घरात दुपारी चार वाजता तिने स्वतः थर्मामीटर धरला होता, तर आत सेहेचाळीस भरलं होतं.

तिच्या मागण्या तीन. पत्र्यांवर पांढरा चुना मारा. दुपारी शाळांचे हॉल उघडे ठेवा, तिथे पंखे आणि पाणी आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या पालिकेच्या माणसांना बारा ते चार सुट्टी द्या.

त्या पाच मिनिटांची चाळीस झाली, आणि मागण्यांवर त्यातलं एकही मिनिट गेलं नाही. घरी आल्यावर मावशीने मला वही वाचून दाखवली. ती इतकी थंडपणे वाचत होती की मला भीती वाटली.

अध्यक्षांनी विचारलं, दाखल्यावर उष्माघात लिहिलंय का. नर्स म्हणाली, नाही, हृदयक्रिया बंद पडली असं लिहिलंय.

“मग?”

“साहेब, मेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंदच पडते.”

सूर्यवाले म्हणाले की ही माणसं वयाने गेली असतील. नर्सने सांगितलं की अकरा जण पन्नाशीच्या आतले आहेत. झाडवाल्या बाईंनी तिथे झाडं लावायची कल्पना मांडली. सावली कधी पडेल असं नर्सने विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आठदहा वर्षांत छान पडेल.” मग सूर्यवाल्यांनी पुस्तिका उघडली. मुळात ही उष्णता माणसामुळे आहे हेच सिद्ध झालेलं नाही, ते आधी ठरू द्या, मग उपायांचं बघू.

“ते ठरलेलं आहे,” नर्स म्हणाली. “पण समजा नसतं ठरलं, तरी पत्र्याला चुना मारायला काय हरकत आहे?”

मग नर्स मेलेल्यांची नावं वाचू लागली. सातवं नाव चालू असताना अध्यक्षांनी झाडवाल्या बाईंकडे बघून शिपायाला हाक मारली. “एसी जरा कमी कर रे, बाईंना थंडी वाजतेय.”

मावशीने वही मिटली. “याचं काय लिहू?” तिने मला विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

तिने जे झालं ते लिहिलं. प्रत्येक वाक्य, बोलणाऱ्याच्या नावासकट. दाखला, चुना, थंडी, सगळं. नेहमीच्या तीन पानांऐवजी सतरा पानं झाली. जुन्या वह्या काढून प्राध्यापकाची आधीची सभाही तिने पुरवणी म्हणून जोडली. प्रती नऊ जणांना घरपोच गेल्या.

“आता तुला बोलावतील,” मी म्हणाले.

“वाचलं तर बोलावतील.”

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचा : मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? हरकत नव्हती. सूर्यवाल्यांनी अनुमोदन दिलं. अध्यक्षांनी सतराही पानांवर सह्या केल्या, मध्ये एकदा पेन चालेना म्हणून कुरकुरले, आणि म्हणाले, “पुढे.” नऊ माणसांपैकी एकानेही पाकीट फोडलं नव्हतं. मावशी म्हणायची, अकरा वर्षांत त्यांचा असा अपमान मी दुसऱ्या कशाने करू शकले नसते, आणि तोही त्यांनी सर्वानुमते मंजूर केला.

दोन महिन्यांनी एका वार्ताहराने माहिती मागवली आणि सतरा पानं पेपरात आली. मग मात्र सगळ्यांना वाचता येऊ लागलं. झाडवाल्या बाई रडल्या, कारण त्यांच्या परिषदा रद्द होतील अशी त्यांना धास्ती होती. सूर्यवाल्यांनी संपादकाला पत्र लिहिलं की आपलं म्हणणं संदर्भ सोडून छापलं आहे. सोबत पुस्तिकेची झेरॉक्स जोडली. अध्यक्षांनी सगळं खापर मावशीवर फोडलं. स्टेनोने खोडसाळपणा केला, सभागृहात असं काही घडलंच नाही.

मावशीला कारणे दाखवा नोटीस आली. तिचं उत्तर दीड ओळीचं होतं : ‘सदर इतिवृत्त समितीने एकमताने कायम केले असून त्यावर मा. अध्यक्षांच्या सतरा सह्या आहेत.’

तिच्यावर कारवाई करायची तर अध्यक्षांना न वाचता सह्या केल्याचं कबूल करावं लागणार होतं. म्हणून तिची बदली केली. तळमजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीत. खिडकी पश्चिमेची, एक पंखा, आणि तोही टेबलापासून दूर. तिच्याबरोबरचे लोक हळहळले. समोर आल्यावर मान खाली घालायचे. त्यांच्याकडे ती ज्या नजरेने बघायची, ती नजर मला आवडत नसे. एकदा मी बोललेही, “मावशी, सगळ्यांनाच नोकरी सोडता येत नाही.”

“मी तरी कुठे सोडली?” ती म्हणाली. “आणि मी धाडस केलं म्हणून सांगू नकोस कुणाला. धाडस पहिल्या वर्षी करायला हवं होतं. तेव्हा ती एकोणीस माणसं जिवंत होती.”

नोंदणीत तिला डॉक्टरांनी लिहिलेलं कारण बदलता येत नव्हतं. तिने वेगळी वही घातली. दाखला न्यायला येणाऱ्या नातलगांना ती दोन प्रश्न विचारायची, माणूस किती वाजता गेला आणि कुठे होता. समोर त्या दिवशीचं वेधशाळेचं तापमान लिहायची. दर शनिवारी नर्स येऊन आकडे उतरवून न्यायची. दोघी फार बोलत नसत. एकदा मी तिथे होते तेव्हा नर्स म्हणाली, “बाई, हे बघून तरी ते मानतील का?”

“ते काय मानतात याच्याशी आपला संबंध नाही, सिस्टर. त्यांना नाकारता येऊ नये एवढं बघू.”

पुढच्या उन्हाळ्यात त्या वहीतले आकडे त्याच वार्ताहराने छापले. पालिकेने दोन शाळांचे हॉल दुपारी उघडले. दोनच. चुना निम्म्या वस्तीला मारला, तोही निवडणूक तोंडावर होती म्हणून. रस्त्यावरची माणसं अजून भर दुपारी डांबर टाकतात. समिती बरखास्त झाली आणि ‘वातावरणीय कृती मंडळ’ नावाने नवी आली. अध्यक्ष सूर्यवाले. त्यांच्या पहिल्या सभेचा विषय होता मंडळाचं बोधचिन्ह, आणि त्यात सूर्य असावा असं ठरलं.

शाळेचा हॉल उघडताना फीत कापायला फरशीवाले माजी अध्यक्ष आले होते. मावशीलाही निमंत्रण होतं. तिने ते खिडकीची झडप हलू नये म्हणून घडी करून फटीत खोचलं आणि कामाला लागली.

तीन दिवसांनी कार्यक्रमाचा मांडव निघाल्यावर जेवणाच्या सुट्टीत ती मला घेऊन तिथे गेली. मुलांची बाकं भिंतीला लावून ठेवली होती. जमिनीवर साठेक माणसं पंख्याखाली पडली होती, कुणी झोपलेलं, कुणी नुसतंच वर बघत. एक बाई तान्ह्या बाळाच्या अंगावरून ओला रुमाल फिरवत होती. शाळेचा क्लार्क दारात उभा राहून कुरकुरत होता की या लोकांनी फरशी घाण केली.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, बादली कुठे आहे ते विचारलं, आणि दारातला रिकामा माठ भरून ठेवून आम्ही ऑफिसला परत आलो.