आवाज गेलेली गोष्ट

नायगावच्या बीडीडी चाळीत तळमजल्याच्या एका खोलीत मी काही वर्षं बालवाडी चालवली. दुपारी खिडकीवर जुनी साडी बांधून अंधार करायचे आणि भिंतीला टॅब टेकवून मुलांना मराठी गोष्टी दाखवायचे. साडी निळी होती. ऊन तिच्यातून गाळून यायचं, आणि चटईवर बसलेली मुलं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसायची.

त्या वर्षी एक चार वर्षांची मुलगी आली. तिचे वडील शिलाईकाम करायचे. घरी सगळे तेलुगू बोलत आणि बाहेरच्यांशी मोडकंतोडकं हिंदी. दिवाळी उलटून गेली तरी ती बालवाडीत एक अक्षर बोलली नव्हती. गोष्ट लागली की मात्र सगळ्यांत पुढे येऊन बसायची. टॅबमधली बाई म्हणायची, "म्हणा, मासा." सगळी मुलं ओरडायची, "मासा." हिचे फक्त ओठ हलायचे.

तिची आवडती गोष्ट एका मासोळीची होती. पाण्यात पडलेला चंद्र शोधत ती मासोळी समुद्रभर फिरते. एके दिवशी ती गोष्ट लावली आणि टॅबचा आवाजच गेला. चित्रं हलत होती, शब्द नव्हते. मी बटणं दाबून पाहिली, शेवटी बंद करायला गेले.

"राहू दे ना टीचर," एक मुलगा म्हणाला. त्याचे आजोबा मालवणचे. पडद्यावर खेकडा आला तसा तो खेकड्याच्या आवाजात म्हणाला, "खंय चललंस गो?"

मुलं हसली. मग एकेकाने एकेक प्राणी वाटून घेतला. कासव झोपाळू आवाजात बोललं, शिंपल्याला सर्दी झाली. मासोळी मात्र कुणीच झालं नव्हतं. ती वर वर पोहत निघाली, पाणी उजळत गेलं, आणि पुढच्या रांगेतून बारीक आवाज आला.

"चंदमामा."

सगळी मुलं तिच्याकडे वळली. शेजारची मुलगी तिला म्हणाली, "अगं, चांदोमामा."

"चंदमामा," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा ठासून. आणि मग थांबलीच नाही. मासोळी तेलुगूत बोलत होती, खेकडा मालवणीत विचारत होता, आणि कुणालाही काही अडत नव्हतं. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. ती गोष्ट संपूच नये असं वाटत होतं.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला मी सांगितलं, "आज बोली वो. बहुत बोली."

आई गोंधळून म्हणाली, "घर में तो चुपच नहीं बैठती, टीचर."

टॅब दुरुस्त होऊन आला, तरी नवी गोष्ट मी आधी आवाज बंद करूनच दाखवू लागले. मुलांनी ती आपापल्या बोलीत सांगायची, आणि मग मराठीतून ऐकायची. आता टॅबमधले मराठी शब्द मुलं नुसते ओरडत नव्हती. आपण सांगितलेल्या गोष्टीशी ते ताडून बघत होती.

एका शनिवारी मी त्या मुलीच्या आईला आत बोलावलं. ती पदर सावरत चटईच्या कडेला बसली, आणि त्या निळ्या उजेडात मासोळीची गोष्ट तेलुगूत हळूहळू सांगू लागली. मुलांना कळेना. ती एकमेकांकडे पाहू लागली. तेव्हा मुलगी उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, "अम्मा सांगते, पाणी लई थंड हाय. मासोळीला घरी जायचंय."

आईने मान वर करून लेकीकडे पाहिलं. तिची मराठी आईने कधी ऐकलीच नव्हती. मग तिने पुढचं वाक्य सांगितलं आणि लेकीसाठी थांबली.

पुढे पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होईपर्यंत आई दर शनिवारी येत राहिली. गोष्टी सांगता सांगता तीही मुलांमध्ये बसून मराठी शिकली.