उन्हात वाळवायची गोष्ट

निव्वळ सुती ब्रा शिवून विकायच्या असं मी ठरवलं, तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर उघडत होत्या आणि दुकानं नायलॉनच्या मालानं भरून गेली होती. मला त्या नायलॉनचा मनापासून राग होता. घामानं अंगाला चिकटतं, आणि फेकून दिलं तरी कचऱ्यात वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. मी प्रत्येक ब्राला चिठ्ठी लावली, 'हे कापड मातीत गेलं तर मातीच होईल.' या वाक्यावर मी स्वतःच फार खूश होते.

शिवायला येरवड्याच्या आपा होत्या. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं शिवणकाम. न रंगवलेलं मऊ कापड त्याच निवडून आणायच्या, आणि त्यांची शिवण अंगाला कधी टोचली नाही. मला त्यांचा अभिमान होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

तुळशीबागेतल्या एक दुकानदारबाई आमचा सगळा माल घ्यायच्या. चार महिन्यांनी त्यांनी गिऱ्हाइकांनी परत केलेल्या सात ब्रा माझ्यासमोर टाकल्या. कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके.

"अहो, मातीत जाईपर्यंत कुठे थांबलंय? अंगावरच कुजायला लागलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला नायलॉन मिसळून आणा, नाहीतर आणू नका."

दुसरं दुकान माझ्याकडे नव्हतं. शुद्ध सुताला एवढी बुरशी येणार नाही, आपांनीच नायलॉन मिसळलेलं स्वस्त कापड वापरलं असेल, असा मला संशय आला. नंतर मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. आपांच्या घरी गेले, त्यांच्यासमोरच एका ब्राचा धागा ओढून काढला आणि त्याला काडी लावली. नायलॉन असतं तर वितळून गोळी झाली असती. धागा कागदासारखा जळला आणि त्याची राख झाली.

"झाली खात्री?" आपांनी विचारलं. मला वर बघवेना. त्यांनी ब्रा उलटीपालटी करून पाहिली. "ताई, या पोरी वाळवतात कुठं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. माल परत करणारी एक मुलगी येरवड्यातच पेइंग गेस्ट म्हणून राहत होती, नागपूरकडची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. दुकानदारबाईंकडून पत्ता घेऊन मी तिला गाठलं. तिनं बाथरूमचं दार लावून दाखवलं. दारामागे खिळ्याला ब्रा, आणि तिच्यावर ओला टॉवेल.

"बाहेर कुठं टाकू काकू? लोकं पाहतात न."

नायलॉन अशा कोंदट जागीही वाळतं. सुताला ऊन लागतं. परदेशातल्या साहेबांशी फोनवर हुज्जत घालणारी ही मुलगी ब्रा मात्र टॉवेलखाली दडवत होती. मी तिला चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात माझी स्वतःची दोरी आठवली. माझ्याही घरी ब्रा परकराखालीच वाळत होती.

नायलॉन मिसळणं सगळ्यात सोपं होतं. आपा म्हणाल्या, "मिसळायचं असेल तर शिवणारी दुसरी बघा." मला ते ऐकून बरंच वाटलं. मी चिठ्ठी बदलली. 'उन्हात वाळवावी. वर टॉवेल टाकू नये. बघणारे बघून बघून कंटाळतील.' दुकानदारबाईंनी ती दोनदा वाचली आणि एक महिना माल ठेवायला तयार झाल्या. त्या मुलीला मी दोन नव्या ब्रा आणि चिमटे नेऊन दिले. त्याच दिवशी घरच्या गॅलरीत माझ्याही ब्रा उघड्यावर घातल्या. समोरच्या काकू दोन दिवस टक लावून बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कापड कोणतं म्हणून विचारायला आल्या.

त्या महिन्यात एकही ब्रा परत आली नाही. पुढच्या मालाचं सांगायला मी आपांकडे गेले आणि आम्ही दोघी कापड आणायला निघालो. वाटेत त्या मुलीची इमारत लागली. गच्चीवरच्या दोरीवर आमच्याच सात-आठ पांढऱ्या ब्रा कडक उन्हात ओळीनं वाळत होत्या, म्हणजे तिथल्या इतर मुलींनीही घेतल्या होत्या. आपा रस्त्यातच थांबल्या.

"ब्लाउज शिवणारीला तिचं काम लग्नकार्यात दिसतं," त्या म्हणाल्या. "मी वीस वर्षं हेच शिवतेय. शिवून दिलं की पुन्हा कधी नजरेला पडलं नाही."

जाणारे-येणारे आमच्याकडे आणि मग वर गच्चीकडे बघायला लागले. चला म्हणून मी आपांच्या हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान आणखी वर केली.

"थांबा जरा ताई. नीट बघू दे मला."