दादाच्या चिपचा राग

भाचीचा, ऋचाचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या अमीनाबाद बाजारात चादरी उलगडून बघत होते. "आत्या... पापा नहीं रहे." ऑफिसातच छातीत कळ आली, एवढंच कळलं. "भैया, ये रख दीजिए," असं दुकानदाराला म्हणून मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. काही आठवडे झाले त्याला, पण अजून चित्त कुठे लागत नाही. बसले की उठावंसं वाटतं. ही खरं तर दादाचीच सवय.

दादा मानक नगरला, रेल्वेच्या संशोधनात इंजिनिअर. जेवतानाही त्याचा पाय हलत असायचा. नागपुरात आमच्या लहानपणी बाबांनी टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर आणला होता. त्यातली आवाजाची चिप एका वेळी तीनच सूर काढायची. दादाने तेवढ्यावर एक धून रचली आणि ती वाजवून वाजवून घर डोक्यावर घेतलं. दादाबरोबर लखनौला आल्यावर ती चिप कायमची गप्प झाली. दादा चिडला आणि तिची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहायला बसला, रस्ट नावाच्या नव्या भाषेत. "रस्ट म्हणजे गंज ना? जुन्या यंत्रासाठी गंजच सापडला का तुला?" मी म्हणाले. तो हसला नाही. इंजिनांच्या चाचण्यांत त्याचे कान अधू झाले होते, दिवसेंदिवस कमीच ऐकू येत होतं. ते पुरते जायच्या आत त्याला ती धून पूर्वीसारखी वाजलेली ऐकायची होती. आणि तशी वाजली की नाही, हे सांगायला आता माझेच कान उरले होते.

म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन तो विकास नगरला माझ्याकडे यायचा. चपला काढायच्या आधीच, "ऐक. आता?" सूर बरोबर असायचे, पण गुळगुळीत. जुनी चिप प्रत्येक सुराच्या सुरुवातीला जरा खेकसायची. एकदा मी म्हणाले, "दादा, यात राग नाही रे." ऋचा सोबत होती. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीच. "लेकिन आत्या, इसमें राग कहाँ से आएगा? तीन ही तो सुर हैं!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो एकदम गंभीर झाला. "अगं, ते खेकसणं हा चिपचा दोष होता. मी मुद्दाम काढून टाकलाय."

"मग परत घाल."

चहा न घेताच निघाला. तीच शेवटची भेट.

परवा ऋचा त्याचा लॅपटॉप घेऊन आली. उभ्या उभ्याच तिने धून लावली आणि पहिलाच सूर अंगावर खेकसला... बाबांचा टीव्ही, त्यापुढे मांडी घालून बसलेला दादा, त्याचा हलणारा गुडघा. दोष परत घातला होता त्याने! आणि "आता?" म्हणून विचारायला तो नव्हता. रविवारपर्यंत थांबायला काय झालं होतं त्याला?

ऋचा माझ्याकडे बघत होती. कधी नव्हे ते तिने मराठीत विचारलं, "आत्या, राग आला?"

"आला," मी म्हणाले. "खूप आला गं."